आमच्या घरची धार

सुऱ्या घडवणाऱ्याच्या घरात लोखंडाचा कीस रोज झाडून निघतो. किस्से मात्र साचत राहतात. हुलसूरला आमच्या परसात ह्यांची भट्टी आहे. जीपच्या स्प्रिंगांच्या जुन्या पाट्यांपासून शिकारी सुरे घडवतात, मुठी बाभळीच्या. घर ह्यांच्या दोन हातांवर चालतं. म्हणून मी देवाला दुसरं काही मागत नाही. हात धड ठेव, एवढंच.

*

गुलबर्ग्याचं एक गिऱ्हाईक आलं, वीतभर पात्याचा सुरा हवा म्हणालं. माझा जीव राहिना. विचारलं, "दादा, कुणाला मारायलाव?"

"वैनी, शिकार बंद होऊन जमाना झाला. भिंतीला लावायचाय."

"मग धार कामून पायजे?"

भट्टीपाशी बसलेले हे म्हणाले, "हिला गिऱ्हाइकापुढं बसवलं की झालाच माझा धंदा."

*

धार लागली की नाही ते हे डाव्या हातावरचे केस भादरून बघतात. मला बघायला आले तेव्हा एक हात केसाळ, दुसरा तुळतुळीत. आत्यानं दाराआड आईला सांगितलं, "पोराला कायतरी रोग हाय. सध्या अर्धाच दिसायलाय."

स्थळ मोडता मोडता राहिलं.

*

लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांचं बोट कापलं, तेव्हा मी जखमेत मूठभर हळद भरली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ती धुता धुता म्हणाल्या, "अक्का, जखम हाय ही, वरण न्हाई."

मग शिकवलं: पाण्यानं धुवा, स्वच्छ फडकं दाबून धरा, हात वर ठेवा, दहा मिनिटं उघडून बघू नका, आणि मग इकडं या.

मला घड्याळापेक्षा माळ बरी. 'नमः शिवाय'च्या दोन माळा म्हणजे दहा मिनिटं. एकदा हे मधेच कळवळले, "अगं सोड की, थांबलं असंल."

"गप बसा. दुसरी माळ अर्धी व्हायलीय."

"मी मरायलोय हितं."

"मग तुम्ही बी म्हणा."

म्हणाले.

*

ज्येष्ठाच्या शेवटी पॉलिशच्या चाकानं सुरा हिसकावला आणि तो ह्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी बसला. रक्त थांबलं, पण अंगठा वाकेना. आतली दोरीच तुटली होती. गुलबर्ग्याला ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "शिवलंय. पट्टी काढल्यावर कळेल." अंगठा वाकला नाही तर हातोडा धरता येणार नव्हता. मी सोळा सोमवार धरले.

पट्टी काढायची तारीख नेमकी नागपंचमीला आली. त्या दिवशी आमच्यात काही चिरत नाहीत, कापत नाहीत, भट्टीसुद्धा बंद. सर्जननी कात्री उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आज पंचमी. कात्री नको."

बाहेर पेशंटची रांग होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि पट्टी हातानं, वेढा वेढा करत सोडवली. अंगठा बाहेर आला, वाळल्या शेंगेसारखा.

"वाकवा."

ह्यांनी खाली बघितलंच नाही. मी डोळे मिटले, मनातल्या मनात जप धरला. कितीदा म्हटलं, कळलं नाही. उघडले तेव्हा ह्यांचा हात हळूहळू ट्रेकडं निघाला होता. चिमटीत कात्री उचलली. पात्यावर आडवा अंगठा फिरवला.

"साहेब, हिची धार गेली की. लावून देतो मी. पण उद्या. आज पंचमी हाय."