महाराज आणि बुडालेला नावाडी

मंगळवार, ७ मे १९७४. स्थळ: इतवारीतला छापखाना. हजर: महाराज, कंपोझिटर गणपतराव, मी. गैरहजर: नावाडी, कारण तो भाग पाचमध्ये बुडाला.

ही नोंद माझ्या रजिस्टरातली. महाराज कुठले राजे नव्हते. दिवसभर ते अडतीत भिवापुरी मिरचीची प्रत ठरवायचे आणि संध्याकाळी छापखान्यात बसून खिशात मावणाऱ्या अद्भुत कादंबऱ्या लिहायचे. सात नद्यांचं एक अख्खं राज्य त्यांनी एकट्यानं उभं केलं होतं, म्हणून महाराज. त्यांचं हस्तलिखित उघडलं की गणपतराव आधी शिंकायचे, मग टाइप जुळवायचे. "या भागात दम आहे," महाराज समाधानानं म्हणायचे.

मी प्रुफं तपासायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "राक्षस रोज काय खाते?"

"माणसं."

"रोज? आठ दिवसांत गाव खाली. मंग काय करते तो, उपास?"

त्यांच्या राक्षसांना ज्वारीची भाकर चालायची, माणूस फक्त सणासुदीला. नकाशा ते मिरचीच्या पोत्यावर खडूनं काढायचे. "आधी पाणी कुठून येते ते ठरव, मंग राजवाडा बांध," असं बजावायचे. राजवाडे मात्र ते घाईनं बांधत, आणि न्हाणीघर दर वेळी विसरत.

भाग तीनमध्ये सेनापती चाळिसाव्या पानावर मेला आणि बासष्टाव्या पानावर जेवायला बसला. माझ्याही नजरेतून सुटलं. खापरखेड्याच्या कॉलनीतून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: 'तुमच्याकडे तेरवीचं जेवण मेलेलाच जेवते काय?' महाराज दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे जाड रजिस्टर आदळलं. "कोणाचे डोळे कसे, कोणता घोडा कोणाचा, कोण मेला, सारं लिही. शाईनं लिहिलं का पक्कं. मी पाय धरले तरी खोडू नको."

मला याद्यांचं वेड. मी कामाला लागले. काळी नदी पार करणं एका म्हाताऱ्या नावाड्यालाच जमे, बाकी कोणी उतरला की नदी गिळायची. वाचकांचा त्याच्यावर जीव. मी विचारलं, नाव किती लांब? माणसं किती बसतात? घोडे चढल्यावर ती बुडत कशी नाही?

"लय विचारते वं तू," महाराज चिडले. "घे, बुडवला." आणि खरोखर बुडवला. मी नोंद केली. शाईनं.

त्या मंगळवारी शेवटचा, नववा भाग चालला होता. पाच वीर राजकन्येला सोडवून परत निघाले आणि काळ्या नदीच्या काठावर येऊन थांबले. महाराजांचा पेनही थांबला.

"नावाडी आणा लागते."

"मेलाय. भाग पाच, पान सत्तर."

"जादूनं जित्ता करतो."

"जादूनं मेलेला उठत नाही. तुमचाच नियम, भाग एक."

"पोहून निघाला असंन."

"प्रेत काठाला लागलं होतं, महाराज. तुम्हीच लावलंत."

गणपतराव म्हणाले, "पूल बांधा ना!"

"पूल बांधाले धा वर्षं लागते गा. तवापर्यंत राजकन्येचे दात पडतीन."

आम्ही हसलो. महाराजांनी मात्र हात जोडले. "पोरी, एक ओळ खोड. माह्या राज्याचा शेवट होऊ दे."

मी रजिस्टर मिटलं. महाराजांनी पेनाला टोपण लावलं. "बरोबर आहे तुहं," म्हणाले. "काढतो काही तरी."

ते काढण्याआधी त्यांच्या दम्यानं उचल खाल्ली. मी दवाखान्यात गेले, तर पहिला प्रश्न, "कुठं आहे सारे?"

"काठावरच."

"उन्हात?"

"हो."

"काहून वं? झाड तरी लाव एखादं. कडूलिंब लाव. बसतीन सावलीत."

मी तिथंच नोंद केली: काळी नदी, अलीकडचा काठ, कडूलिंब एक. चार दिवसांनी महाराज गेले. भाग नऊ निघालाच नाही.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. सकाळी केलेली यादी संध्याकाळपर्यंत खोडून होते. घरचे त्यावरून चिडवतात. ते रजिस्टर मात्र कपाटात आहे. कितीदा तरी भाग पाच, पान सत्तरची ओळ समोर घेऊन पेन उघडला आणि परत मिटला. पाय धरले तरी खोडू नको, असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी तर फक्त हात जोडले होते.

कडूलिंबाखाली बसलेले: वीर पाच, राजकन्या एक, घोडे दोन.

बाकी काम: नदी ओलांडणे.