चांद्याचे नऊ ज्यू आणि डोळ्यांची साथ

दहा ज्यू पुरुष एका खोलीत जमले की प्रार्थना होते. नऊच जमले की किस्सा होतो! चांद्यात आम्ही बहुतेक वेळा नऊच असायचो. त्यामुळे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच तोंड घालतो. आज फक्त डोळ्यांच्या साथीचे सांगते, नाहीतर तुमचा स्वयंपाक राहायचा.

आधी थोडी ओळख. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळचे कोकणातले. पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. नोकरीच्या मागे कोणी कोळशाच्या खाणीत, कोणी पोस्टात, कोणी जंगलखात्यात, अशी पाच-सहा घरं चांदा-बल्लारपूरकडे येऊन पडली. मी रिबका. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. उंची पाच फूट आठ. आणि आवाज असा, की मैदानावर मी "सावधान!" म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला खाली उतरायचा.

आमचं देऊळ वगैरे काही नव्हतं. प्रार्थना व्हायची ती सॉलोमनकाकांच्या बैठकीत. काका लाकूड डेपोतून रिटायर झालेले, आमच्यातले सगळ्यांत वडील. मोठी प्रार्थना असो की गेलेल्या माणसासाठी म्हणायचं कद्दीश असो, दहा पुरुष हवेतच असा नियम. पुरुषच! आम्ही बाया चौदा होतो, पण चौदाजणी मिळून अर्धा पुरुषही भरत नव्हतो.

काकांची बायको लेआकाकू अलिबागकडची. चाळीस वर्षं चांद्यात राहून काकांची कोकणी बोली पार गेली आणि तोंडात मले-तुले आलं. काकूंचं मात्र अक्षरही बदललं नाही. त्या चिडल्या की एकच बोलायच्या, "तुमच्या या जंगलात मी मेले, तर कद्दीशला दहा माणसं तरी मिळणार आहेत का?" काका म्हणायचे, "मिळतीन ना वो! मी देतो शब्द."

काकू गेल्या त्या आठवड्यात नद्यांना पूर होता. सहाच पुरुष पोचले. कद्दीश झालंच नाही. काका बैठकीतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

वर्ष भरत आलं तसे काका माझ्याकडे आले. "रिबका, तू पोरी मोजते ना शाळेत? आता मले दहा माणसं मोजून दे. तिच्या वर्षाले तरी दहा पायजेत."

गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. अख्ख्या मुलखात काका धरून आमचे पुरुष होते बरोब्बर दहा. एकही जास्त नाही! आणि नेमकी त्याच वर्षी डोळ्यांची साथ आली.

*

साथ साधीसुधी नव्हती. रेडिओवर सांगायचे, देशोदेशी पसरलीय म्हणून. चांद्यातल्या लोकांना त्याचा थोडा अभिमानच वाटायचा. एरवी आमच्याकडे सिनेमासुद्धा दोन वर्षांनी यायचा.

आमच्यात ती आली नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. आमच्यात हातबोशी म्हणून एक रीत आहे. प्रार्थना संपली की वडीलधारा माणूस शेजारच्याचे हात हातात घेतो, मग दोघंही आपापली बोटं ओठांना लावतात. तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. शांतीचा मुका असा हातोहात सगळ्या खोलीत फिरतो.

त्या दिवशी विमावाला डेव्हिड नागपूरहून एक डोळा लाल घेऊन आला होता. "काही नाई, खिडकीपाशी बसलो होतो, धूळ गेली," म्हणाला. हातबोशी सुरू झाली. शांती पुरुषांत फिरली, मग बायांत फिरली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या समाजाचे डोळे लालबुंद!

दवाखान्यातले कंपाउंडर मेश्रामभाऊ आमच्याच गल्लीतले. ते चक्रावले. "मॅडम, तुमच्या लोकायचे एकाच टायमाले डोळे काऊन आले जी? बाकीच्यायचे तर एक एक करून येऊन राह्यले."

मी त्यांना हातबोशी समजावून सांगितली. त्यांच्या नीट ध्यानात येईना. म्हणून मग मी त्यांचे हात हातात घेऊन करून दाखवली.

दोन दिवसांनी त्यांचेही आले.

*

साथीत सगळ्यांत आधी संपले ते गॉगल. औषध मिळायचं, गॉगल नाही. काकांना मिळाला तो जत्रेतला, हिरव्या काचांचा, कडेला लाल चांदण्या असलेला. काका तो घालून इतके गंभीर बसायचे की हसायची चोरी.

आमच्या बेन्जामिननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खाणीच्या वर्कशॉपमधून वेल्डिंगचा चष्मा आणला. सूर्याकडे बघायला उत्तम. खाली मात्र काहीच दिसायचं नाही! एका संध्याकाळी तो कामावरून आला, दारात चपला काढल्या, खाटेवर बसला आणि म्हणाला, "चहा टाक."

चहा आला. त्यानं दोन घोट घेतले. "वा! आज पहिल्यांदा जमला तुला."

घर मेश्रामभाऊंचं होतं. वहिनी मला दुसऱ्या दिवशी भेटल्या, तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. "मॅडम, साहेबाले रोज पाठवत जा जी. आमचे हे तर कधी चांगलं म्हनत नाईत."

आठवडाभर मी त्याला चहा दिला नाही.

*

कामं मात्र सगळे एकमेकांची करत होतो. ज्याला थोडंफार दिसतंय त्यानं न दिसणाऱ्याकडे जायचं, असं ठरलं होतं. डबे फिरायचे, बोरिक पावडर फिरायची. मेश्रामवहिनींच्या घरची वरणाची बादली आमच्या तीन घरांत फिरायची. बायांचे डोळे चार दिवसांत बरे झाले, कारण चुली पेटवायच्या होत्या. पुरुषांना तसली काही घाई नव्हती.

खरी पंचाईत होती ती बल्लारपूरच्या दोन भावांची. अब्राहम आणि इलायजा. घर एक, भिंत एक, आणि चार वर्षं अबोला! कारण काय, तर बुद्धिबळात एकानं मागे घेतलेला उंट. दोघांचेही डोळे आले. स्वतःच्या डोळ्यात स्वतः थेंब टाकायला दोघांचाही हात थरथरायचा. बायका माहेरी कोकणात.

मग काय! सकाळ-संध्याकाळ अब्राहम खुर्चीत मान मागे टाकून बसायचा आणि इलायजा थेंब टाकायचा. मग इलायजा बसायचा. सगळं मुकाट्यानं. मी डबा घेऊन जायचे तेव्हा डोळ्यांनी बघितलंय. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा इतकी शांतता नसते.

सातव्या दिवशी अब्राहमनं तोंड उघडलं. "अबे, थेंब टाक म्हटलं, विहीर नको ओतू!"

इलायजा थबकला. बाटलीला बूच लावलं. मग म्हणाला, "उंट मी बरोबरच मागं घेतला होता."

पुन्हा अबोला. पण काकूंच्या वर्षाला दोघंही येतो म्हणाले, वेगवेगळ्या रिक्षांनी.

*

दहापैकी नीट हिब्रू वाचता येणारा माणूस एकच, रिटायर पोस्टमास्तर येहेज्केलभाऊ. आमचे हजान तेच. हजान म्हणजे प्रार्थना चालवणारा. त्यांचे डोळे तर पार मिटले होते.

"काळजी नको," ते म्हणाले. "पाठ आहे सगळं. फक्त पुस्तक हातात पाहिजे. पान उलटलं की पुढचं आपोआप येतं."

पुस्तक नसलं तर मात्र तिसऱ्या ओळीला गाडी बंद! मी त्यांच्याकडे सराव घ्यायला गेले. त्यांनी चाचपडत पुस्तक उचललं, उलगडलं आणि जे सुरू झाले, व्वा! एक अक्षर चुकलं नाही. बरोबर जागी बोटाला थुंकी लावून पान उलटायचे. मी जवळ जाऊन बघितलं, तर हातात रेल्वेचं टाइमटेबल!

संपल्यावर भाऊ पुस्तकावरून हात फिरवत म्हणाले, "हे पुस्तक जरा पातळ वाटून राह्यलं नाही का?"

त्यांची बायको रेचेलबाई धर्माची फार कडक. आयुष्यात खोटं बोलल्या नाहीत अशी ख्याती. त्यांनी ते पुस्तक हातातून घेतलं, उघडून बघितलं आणि परत त्यांच्या हातात दिलं. "असू द्या," म्हणाल्या, "चालून राह्यलं ना? मग हात लावू नका."

*

आणि मग तो दिवस आला.

सूर्य बुडायच्या आत कद्दीश व्हायला हवं होतं. काका दुपारपासूनच पांढरे कपडे करून, चांदण्यांचा गॉगल लावून, काकूंच्या फोटोखाली बसलेले. एकेक जण यायला लागला. चिमूरचा मास्तर आला, त्याला एसटीच्या कंडक्टरनं हात धरून दारापर्यंत आणून सोडलं. दोघं भाऊ दोन रिक्षांतून आले. डेव्हिड आला, तो सगळ्यांच्या शिव्या खात बसला. बेन्जामिनला मीच धरून नेलं. सगळ्यांना गॉगल, सगळ्यांच्या गालांवरून पाणी, आणि सगळे चाचपडत एकमेकांच्या मांडीवर बसतायत.

मी मोजले. नऊ.

दहावा शिमोन. जंगलखात्यात, सिरोंच्याला. दोन दिवस आधीच निघतो असं त्यानं कळवलं होतं. मी बसस्टँडवर जाऊन आले. "सिरोंच्याची गाडी? ते आलापल्लीच्या पुढं नाल्यावर अडकून हाय बाई. उद्या येते का परवा, सांगता येत नाई."

परत आले तेव्हा उन्हं कौलांवर चढली होती. काका दाराकडे तोंड करून बसले होते. दिसत तर काहीच नव्हतं.

"रिबका? दहा झाले?"

मी म्हटलं, "येतोय काका. आलाच."

आतल्या खोलीत बाकीच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी खुंटीवरचा बेन्जामिनचा कोट काढला. केस टोपीत कोंबले. बांगड्या काढून रेचेलबाईंच्या हातात ठेवल्या. कोणाचातरी गॉगल घेतला आणि मागच्या दारानं अंगणाला वळसा घालून पुढच्या दारात येऊन उभी राहिले.

आणि आतून आवाज आला, कधीही खोटं न बोलणाऱ्या रेचेलबाईंचा, अगदी खणखणीत:

"आले हो! शिमोनभाऊ आले!"

मी काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पलीकडे बेन्जामिन होता. त्यानं माझ्या बाहीवरून एकदा हात फिरवला. त्याच्या लग्नातला कोट तो! तो खोकला, मग पुन्हा खोकला.

येहेज्केलभाऊंनी टाइमटेबल उघडून प्रार्थना म्हटली. मग काका उभे राहिले. कद्दीश सुरू केलं. आवाज कापत होता, पण थांबला नाही. जिथे जिथे "आमेन" म्हणायचं तिथे सगळे म्हणत होते, आणि मीही म्हणत होते. आवाज जाड काढायचा म्हणून मी पोटातून काढला. तिसऱ्या आमेनला समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. डोळे आलेले असले की रडणं वेगळं ओळखू येत नाही, पण मी शेजारी होते, मला कळलं.

शिमोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. आम्ही काही बाया काकांकडे आवराआवर करत होतो. तो आला तो थेट काकांच्या पायांशीच बसला.

"अय्यो, माफ करा काका. लय प्रयत्न केला. नऊच झाले ना? माझ्यामुळे राहिलं ना काकूंचं?"

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला.

काकांनी गॉगल काढला. डोळे किलकिले केले. "काऊन रे? तू तर होता ना काल."

"मी? नाही काका. मी तर नाल्यावर..."

"होता तू. माझ्या बाजूलेच उभा होता. आमेन काय म्हटलं तू! जशी कवायतीची ऑर्डर!"

"काका, मी अख्खी रात्र एसटीच्या टपावर..."

"डोळे आले की असं होते," काका शांतपणे म्हणाले. "माणसाच्या ध्यानात राहात नाई."

शिमोन माझ्याकडे बघायला लागला. मी तांब्यात बघायला लागले. तो पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी त्याचा खांदा घट्ट धरला.

"हे पाय शिमोन. लेआले मी सांगून टाकलं हाय, दहा होते म्हणून. आता तू मले तिच्यासमोर खोटं पाडतो का?"