चुलीवरचं पालथं मडकं

बुधीमावशी गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. मी ती कालव्याच्या अलीकडच्या काठावर उभा राहून डोळ्यांनी पाहिली. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी काळूचा, म्हणजे मावशीच्या मुलाचा फोन आला, की आय तीन दिवस तापानं पडलीय, आज उठेना झालीय, गाडी बोलवा. मी वराळ्याहून मोटारसायकल काढली आणि दवाखान्याच्या गाडीच्या मागोमाग पोचलो. गाडी कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर थांबली. पाण्याच्या पलीकडे समोरच वाडी. इतकी समोर, की मावशीच्या दारात बांधलेली शेळी दिसत होती. चौघांनी मावशीला झोळीत घालून बाहेर आणलं आणि ते उजवीकडे वळले, कारण कालवा ओलांडायचा तर पूल दोन किलोमीटरवर. गाडी पुलाशी थांबायला पुढे गेली. मला मोटारसायकलवर बसवेना. ते त्या काठानं आणि मी या काठानं, असे आम्ही चालत राहिलो. मी मधूनमधून ओरडून विचारायचो, "काळू, कशीय?" तो ओरडून सांगायचा, "हाय, हाय!" पुलाच्या अलीकडे एक वळण आहे, तिथं त्यांनी झोळी खाली ठेवली. मी पुन्हा विचारलं. या वेळी काळू झोळीशी खाली बसला... मग ते तिथूनच मागे फिरले. पुलापर्यंत जायचं काही कारण उरलं नव्हतं.

मावशी कातकरी. लोणावळ्याच्या बाजारात मे महिन्यात पानांच्या द्रोणातून करवंदं आणि पावसाळ्यात सुतळीनं बांधलेले खेकडे विकणारी एक बुटकी, काटक बाई तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल, तिच्याशी घासाघीसही केली असेल. घासाघीस करणाऱ्याला ती म्हणायची, "दादा, बिळात हात तुमी घाला, मंग फुकट न्या." गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट्यानं पैसे काढायचं. माझं नाव सलीम. वडिलांचं सोमाटण्याला सायकलींचं दुकान होतं. पण वीस-बावीस वर्षांच्या ओळखीत मावशीनं मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. मी वाडीवर गेलो की ती सुनेला सांगायची, "आला गं कागूदवाला, चा ठेव." या नावामागची गोष्ट सांगायलाच हवी. ती गाळून मावशीबद्दल लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा खोटं लिहिणं होईल.

बी.ए. होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हा आमच्या भागात सिंचनाचा मोठा प्रकल्प आला. पैसा एका परदेशी बँकेचा. बँकेची अट अशी, की कालवा जिथून जाणार तिथल्या माणसांची, त्यातही आदिवासींची, आधी घरोघर जाऊन नोंद व्हावी आणि कुणाची वाट, पाणी, जमीन तुटत असेल तर त्याची सोय प्रकल्पानं करावी. अट चांगलीच होती. नोंदीचं काम ज्या कंपनीला मिळालं तिनं माझ्यासारखी आठ-दहा पोरं धरली. पौष महिन्यात मी हातात फॉर्मांचं पॅड घेऊन या वाडीवर पोचलो. बारा घरं होती. कुडाच्या भिंती, दारांना कुलुपं नाहीत, नुसत्या काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. माणूस नाही, कोंबडी नाही, कुत्रं नाही. पहिल्या घराची फांदी सरकवून मी आत डोकावलो. सारवलेली जमीन, तीन दगडांची चूल आणि चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मडकं. ते मी उचललं, खाली काही आहे का पाहिलं आणि सुलटं ठेवून दिलं. मग बाहेर एका दगडावर बसून फॉर्मवर लिहिलं, 'वस्ती नाही. सोडून दिलेल्या झोपड्या.' माझं अक्षर सुंदर होतं. साहेबांनी त्याचं कौतुकही केलं.

दिवाळी झाली की कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि आखितीच्या, म्हणजे वैशाखातल्या अक्षय्यतृतीयेच्या सुमारास परततात, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मावळातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. पण फॉर्मात त्याचा रकाना नव्हता आणि मला त्या दिवशी आणखी तीन वाड्या उरकायच्या होत्या. पावसाच्या तोंडावर कालव्याच्या आखणीचा चुना पडला आणि आमच्या कॅम्पवर डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आली. "सायेब, आमच्या वाटंवर चुना कोन टाकून गेलं?" कुठली वाट, असं विचारलं तर ती म्हणाली, "चला, दावते." ओढ्यातल्या पाच दगडांवरून उड्या टाकत आम्ही पलीकडे गेलो आणि मी त्याच बारा घरांपुढे येऊन उभा राहिलो. सगळीकडे धूर, पोरं, कोंबड्या. पहिलं घर तिचंच होतं. चहा देता देता ती मजेत सांगायला लागली, "आमी भट्टीवर गेलतो तवा घरात कुनी तरी शिरलं व्हतं बघा. चोर असता तर मडकं नेलं असतं. ह्यो कोन येडा, मडकं सुलटं करून गेला! आत पालीनं अंडी घातली." आजूबाजूच्या बाया खो-खो हसल्या. मीही हसलो.

त्याच संध्याकाळी मी साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "यादी वर गेली, बँकेकडे पोचली. आता वाडी घालायची म्हणजे मंजुरी मागे येणार. तुझी पाहणी चुकली असं लेखी देतोस का?" मी दिलं नाही. त्या महिन्यात माझं कंत्राट वाढणार होतं आणि घरात बहिणीचं लग्न ठरलं होतं. माणसाजवळ कारणांना तोटा नसतो.

कालवा झाला. खालच्या शिवाराचं त्यानं भलं केलं, हे मी नाकारणार नाही. भाताला हक्काचं पाणी आलं, गुलाबाची पॉलिहाऊस उभी राहिली, तिथं वाडीतल्या बायांना मजुरीही मिळाली. पण ओढ्याचं पाणी वरच वळलं, खालचा ओढा होळीआधीच कोरडा पडायला लागला आणि मावशीचे खेकडे गेले. काँक्रीटच्या गुळगुळीत उतारावरून शेळी घसरली की तिची आशा सोडून द्यायची. बाजार, शाळा, दवाखाना सगळं कालव्यापलीकडे. जिथं पाच दगडांचं अंतर होतं, तिथं दोन किलोमीटर वर जायचं आणि पूल ओलांडून तेवढंच खाली यायचं, तेही डोक्यावर पाटी घेऊन. यादीतल्या वाड्यांना प्रकल्पानं साकव बांधून दिले, म्हणजे माणसानं पायी ओलांडावं एवढे लहान पूल. या वाडीला साकव मिळाला नाही, कारण कागदावर ही वाडी नव्हतीच.

एकदा बँकेची एक गोरी मॅडम काम बघायला आली. मी मागच्या जीपमध्ये होतो. पलीकडच्या काठावर मावशी आणि चार-पाच बाया उभ्या होत्या. मॅडमनं हात हलवला, मावशीनं दोन्ही हात उंच करून हलवले. मॅडमनं विचारलं, या कोण? कुणी तरी सांगितलं, मोसमी मजूर आहेत. फोटो निघाला, गाड्या पुढे गेल्या. मी तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी मावशीनं मला गाठलं. "गोऱ्या बाईला साकवाचं सांगितलंस न्हवं?" मी म्हणालो, "सांगितलं." तिचा चेहरा असा खुलला, की आजही तो आठवला की जेवण जात नाही.

प्रकल्प संपला, कंपनी गेली. मी वराळ्यात झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून देण्याचं दुकान टाकलं. तेव्हापासून दरवर्षी मी मावशीसाठी साकवाचा अर्ज लिहू लागलो. ती अंगठा उमटवायची, शाई पदराला पुसायची आणि म्हणायची, "सरकारी काम, सहा म्हैनं थांब." ईदला मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन जायचो, ती मला रानातली भाजी बांधून द्यायची. कधी कधी मला वाटायचं, की फेडतोय आपण, हळूहळू का होईना. अर्जाला उत्तर यायचं आणि दरवर्षी एकच यायचं, 'सदर ठिकाणी वस्ती नसल्याचे प्रकल्पाच्या सर्वेक्षणात नमूद असल्याने मागणी मान्य करता येत नाही.' माझंच वाक्य, टाइप होऊन माझ्याकडे परत आलेलं. मावशीला मी एवढंच सांगायचो, "साहेब नाही म्हणतात."

मागच्या वर्षी आषाढात असंच एक पत्र घेऊन गेलो. मावशी चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "न्हाई म्हनत्यात ते का म्हून, ते बी लिवलं आसंल की त्यात. आज समदा कागूद वाच." मी वाचला. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "वस्ती न्हाई? मंग आमी कोन?"

मला आणखी पुढे रेटता आलं नाही. म्हणालो, "ते मी लिहिलंय, मावशी. तुमचं मडकं सुलटं करून गेलेला येडा मीच."

ती चुलीतलं लाकूड आत सारत राहिली. रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "हातात घेऊन बघितलंस न्हवं मडकं? कायमचा जानारा मडकं ठिवून जातो व्हय रं? संगं नेईल, न्हाईतर फोडंल. पालथं कोन घालतो? ज्याला माघारी यायचंय तो." आणि मग, "आता नवा अर्ज लिव. तूच लिव, तुझ्याच हातानं. हितं मानसं हायत म्हून लिव."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी तो लिहिला. ती पाहणी मीच केली होती, ती चुकीची होती, तेव्हा इथं बारा घरं होती, आता सतरा आहेत. पाच-सहा ओळी. त्या लिहायला मला वीस वर्षं लागली होती. तिनं मला माफ केलं की नाही, ते विचारायचं धाडस झालं नाही. पुढच्या खेपेला गेलो तर चहा मिळाला, हाक मिळाली नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. थेट यंदा पोळ्याच्या सुमारास, मी लांबून दिसताच तिनं सुनेला ओरडून सांगितलं, "आला गं कागूदवाला, चा ठेव." त्या दिवशी परत येताना मी पुलावर थांबलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती आमची शेवटची भेट.

शेवटच्या सकाळचं काळूनं मला नंतर सांगितलं. झोळी दारात आणली, तर मावशी म्हणाली, आधी चुलीवरचं मडकं पालथं घाला. सून घालायला गेली, तर नको म्हणाली. अंग तापानं फणफणत असताना भुईवरून सरकत चुलीपर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी स्वतः ते पालथं घातलं. "मंगच झोळीत बसली आय," काळू म्हणाला. "म्हनली, दोन दिसांत येते."

दिवाळी झाल्यावर माझ्या अर्जाचं उत्तर आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यात 'नाही' नाही. 'वस्तीची प्रत्यक्ष पाहणी चालू महिन्यात करण्यात येईल,' एवढंच लिहिलंय. तारीख नाही. मी कचेरीत दोनदा जाऊन आलो, पाहणी वैशाखात ठेवा म्हणून हात जोडले, तर म्हणाले, आता कार्यक्रम ठरलाय. आणि वाडी तर रिकामी आहे. सगळे भट्ट्यांवर गेलेत, काळू आणि त्याची बायकोही शेजारचं आपलं घर बंद करून गेलीत, मावशीच्या चुलीला त्यांनी हात लावला नाही. मागची पाच वर्षं गुडघ्यांमुळे मावशी भट्टीवर जात नव्हती, एकटी का होईना मागे राहायची, त्यामुळे या महिन्यांत निदान एका घरातून धूर निघायचा. यंदा तोही नाही.

म्हणून मी रोज सकाळी दुकान बायकोवर सोडतो, पुलावरून वळसा घालून वाडीवर येतो आणि मावशीच्या दारातल्या दगडावर बसतो. तोच दगड, ज्यावर बसून मी तो फॉर्म भरला होता. आज नववा दिवस. हे सगळं इथंच बसून लिहितोय. पाहणीला कोण येईल, माहीत नाही. आला की मी त्याला सतराही घरं दाखवीन, एकेका माणसाचं नाव सांगीन, कोण कुठल्या भट्टीवर आहे तेही सांगीन. पहिल्या घरात कोण राहतं, असं त्यानं विचारलं तर काय सांगायचं, ते अजून मला सुचलेलं नाही... दाराला काटेरी फांदी लावलेली आहे. कुडाच्या फटीतून चूल दिसते. फांदी मी सरकवलेली नाही आणि त्यालाही सरकवू देणार नाही. त्यानं फटीतून बघावं, पण मडक्याला हात लावू नये. ते मावशीनं स्वतः पालथं घातलंय.