कोपऱ्यातली सही

द्रौपदीबाई साळवे वीस वर्षं अंधेरीच्या स्टुडिओंत सेटचे पडदे रंगवायच्या. आता भांडुपच्या कॉलेजात कला शिकवतात. बिनसहीचं चित्र आलं की न बघताच परत फेकतात.

यंदा त्यांतल्याच एका स्टुडिओचा माणूस कामासाठी मुलं निवडायला वर्गात आला. म्हणाला, "प्रत्येकाने चार चित्रं द्या. खाली नाव नको, आमच्याकडे तशी पद्धत नाही."

पहिल्या बाकावरच्या मनालीने सही पुसायला खोडरबर उचललं. बाईंनी ते काढून घेतलं.

"मॅडम, पोरांचं नुकसान करताय."

"तुमच्या ऑफिसात राजवाड्याचा जुना पडदा टांगलाय ना? तो कोणी रंगवला?"

"कोणास ठाऊक. असेल कोणी पेंटर."

"मी," बाई म्हणाल्या आणि मनालीच्या हातात पेन दिलं. "आता शाईने कर गं."