रुद्रचा डावा गुडघा

श्वेताला हळू चालता येत नाय. असल्फाच्या डोंगरावर तिचं घर, खाली रोडपर्यंत पायऱ्याच पायऱ्या, आणि ती उतरायला लागली की नळावरच्या बायका आधी आपल्या कळश्या सांभाळतात. शाळा पण तिने अशीच सोडली, तडकाफडकी. नववीत होती. बाकावरच्या मैत्रिणीला बाईंनी सगळ्यांसमोर चोर म्हटलं. श्वेता उठली, बाईंना बोलायचं ते बोलली, दप्तर उचललं आणि घरी आली. ती मैत्रीण दुसऱ्या दिवशी सॉरी बोलून वर्गात जाऊन बसली. श्वेता नाय गेली. आजपर्यंत नाय गेली.

आता ती साकीनाक्याला एका गाळ्यात कामाला आहे. गुडघ्याचे, कमरेचे, मनगटाचे पट्टे बनतात तिथे. शिलाईवाले आतल्या बाजूला, श्वेता पॅकिंगला. नी-कॅप उचल, लोंबणारा धागा काप, साईजचा स्टिकर मार, पिशवीत घाल, खोक्यात टाक. हात चालू आणि डोकं रिकामं. आणि डोकं रिकामं राहिलं की श्वेताला मुंग्या चावल्यासारखं होतं. म्हणून तिने कानात गोष्टी लावायला सुरुवात केली.

गोष्टी एकाच टाईपच्या. हिरो खेळाडू पाहिजे. मोबाईलवर अशा ढिगाने आहेत, रोज एक भाग. कुणी फुटबॉलवाला, कुणी बॉक्सर, कुणी पोहणारा. धंदेवाला हिरो तिला चालत नाय. सूट घालून काचेच्या ऑफिसात बसणारा तर बिलकुल नाय.

जेवणाच्या सुट्टीत ती तोच भाग पॅकिंगच्या बायकांना सांगायची. स्वतःच्या तोंडाने, स्वतःचा मसाला लावून. पहिल्यांदा सांगितली ती बर्फावरच्या हॉकीची.

"बर्फावर?" कल्पिता म्हणाली. कल्पिता वेसाव्याची कोळीण, मेट्रोने यायची, डब्यात रोज मासळी आणि रोज ती सगळ्यांना वाटणार. "बर्फ आम्ही पापलेटवर टाकतो गं. त्याच्यावर काय खेळायचं?"

"अगं, तिकडे मैदानच बर्फाचं असतं."

"आणि पडले तर?"

"पडतात ना. म्हणून तर मजा."

बायकांना काय ते डोळ्यांसमोर येईना. मग श्वेताने बर्फ वितळवला आणि सगळ्यांना कबड्डीच्या मैदानात आणून उभं केलं. हिरोचं फॉरेनचं नाव काढलं, रुद्र ठेवलं. रुद्र रेड टाकायला लागला, बोनस मारायला लागला. तेव्हा बायका बरोबर लाईनीवर आल्या. कबड्डी त्यांना कळत होती. कुणाचा भाऊ, कुणाचा दीर, कुणाचा मुलगा गल्लीच्या मंडळात खेळलेला होताच.

"पण खेळाडूच का गं तुला?" सोनूबाईंनी एकदा विचारलं. सोनूबाई सगळ्यात मोठ्या, स्टिकर मारता मारता ऐकायच्या.

श्वेता म्हणाली, "पैसेवाल्याला काय लागतंय? पडला तरी गादीवर पडणार. खेळाडूचं सगळं अंगावर असतं. आज लोक खांद्यावर घेतात, उद्या पाय गेला की कोण विचारत नाय. आणि बाहेर कितीपण माजात फिरू दे, घरी येऊन त्या एका पोरीला सांगतो ना. इथे दुखतंय म्हणून."

मग सोनूबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या छातीत सहा महिने दुखत होतं. मला ते गेल्यावर डॉक्टरनी सांगितलं."

स्टिकर मारत राहिल्या. "सांग पुढे. थांबू नको."

आता प्रीतम.

प्रीतम श्वेताच्या वरच्या आळीतला. दिवसभर पार्सलं पोचवायचा आणि संध्याकाळी मंडळात कबड्डी. रेडर. लवूकाकांनी घडवलेला. लवूकाका मालवणचे, त्यांचे वडील गिरणीत होते, ह्यांनी आयुष्य मैदानात घातलं. प्रीतम आणि श्वेताचं वर्षभर चाललेलं. चाललेलं म्हणजे काय, ती बोलायची आणि तो ऐकायचा. हसायचा छान. पण स्वतःचं काय विचारलं की एकच उत्तर, "काय नाय."

गणपतीनंतर श्वेताला दिसलं की हा पायऱ्या आडवा उतरतोय. आधी डावा पाय खाली, मग उजवा त्याच्या बाजूला आणून ठेवायचा, मग परत डावा. म्हाताऱ्यासारखा. कोणी बघत असलं की सरळ उतरायचा आणि दात आवळायचा.

"गुडघ्याला काय झालं?"

"काय नाय."

"प्रीतम, मी दिवसभर गुडघ्याचे पट्टे भरते. मला शिकवू नको."

"काय नाय बोललो ना यार!"

तिने गाळ्यातून एक नी-कॅप विकत आणून दिली. त्याने ती पार्सलच्या बॅगेत कोंबली, ती तिथेच राहिली. श्वेताला कळत होतं कशाला लपवतोय. घाटकोपरच्या स्पर्धेत सेमीफायनलला एका कंपनीचे लोक पोरं बघायला येणार होते. आवडला तर टीममध्ये घेणार, नोकरीसकट. दुखतंय म्हटलं की लवूकाका बाहेर बसवणार. म्हणून तो गप्प. पण तिच्याशी पण गप्प? तिला ते रात्रंदिवस टोचत राहिलं.

आणि त्याच आठवड्यात मोबाईलवरची गोष्ट बंद पडली. जी कोण लिहीत होती तिने अर्ध्यात सोडून दिली. इकडे बायका डबे उघडून बसलेल्या, रुद्रचं काय झालं, रुद्रचं काय झालं.

श्वेताने मग स्वतःच रचायला घेतलं.

रुद्रचा डावा गुडघा गेला. तो जिना आडवा उतरायला लागला. मैदानात तो डावीकडे वळायचं टाळायला लागला, सगळ्या रेड उजव्या अंगाने. कुणाला कळलं नाय, फक्त तिला कळलं. मग एका दुपारी तो तिच्या दारात आला, तिथेच उंबऱ्यावर बसला, तिचा हात धरून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, बघ, इथे. सगळ्यांना सांगतो बरा आहे, तुला तसं खोटं नाय सांगू शकत. सोनूबाईंनी पदर डोळ्याला लावला. कल्पिता तर म्हणाली, "असा असतो का गं कोण?"

"असतो," श्वेता म्हणाली, आणि धागे कापायला लागली. तिला एवढं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

सेमीफायनल रविवारी. शनिवारी जेवताना कल्पिता तळलेला बोंबील सोनूबाईंच्या डब्यात टाकत म्हणाली, "माझा भाऊ कृणाल पण फॅन झालाय हां तुझ्या रुद्रचा. मी घरी सांगते ना आईला, तो जेवता जेवता ऐकतो. परवा तर ताट सोडून उठला. बोलला, परत सांग, कुठल्या पायावर वळत नाय?"

श्वेताचा घास हातात राहिला. "कृणाल कुठून खेळतो?"

"वेसाव्याकडून. उद्या मॅच आहे ना त्यांची घाटकोपरला. डावा कोपरा धरतो तो. का गं?"

उद्या प्रीतमच्या समोर वेसावाच होतं. कृणालने प्रीतमच्या गेल्या दोन मॅचचे व्हिडिओ बघितले असणार, रेडर एकाच अंगाने का जातो ते त्याला कळत नसणार, आणि कल्पिताने जेवताना त्याला उत्तर वाढलं. आता ते प्रीतमला उजवीकडे जागाच देणार नाय. डावीकडे वळायला लावणार आणि वळला की घोटा धरून खेचणार. श्वेताला तो गुडघा नुसता दिसायला लागला. आतून कसा असतो ते पाकिटावर छापलेलंच होतं.

"काय झालं?" कल्पिताने विचारलं. श्वेताने सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात मारला. "आई एकवीरा! मला काय माहीत खरा आहे? गोष्ट सांगत होतीस ना तू!"

"तुझी काय चूक नाय," श्वेता म्हणाली. तिने डबा बंद केला आणि अर्धा दिवस टाकून निघाली.

प्रीतम पार्सलं घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढत होता. तिने मध्येच गाठला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. गोष्ट, रुद्र, कल्पिता, कृणाल.

त्याने पार्सलं पायरीवर ठेवली. "तू माझ्या पायाची ष्टोरी केलीस?"

"तू सांगितलंच नव्हतंस मला. मग मी फोडलं काय?"

"पायाला काय झालेलं नाय."

"मग उतरून दाखव. इथून खाली, सरळ."

तो उतरला नाय. म्हणाला, "लवूकाकांना बोललीस ना, तर परत माझं तोंड बघू नको. मी सांगतोय."

त्या रात्री श्वेताच्या आईने दोनदा ओरडून पाहिलं, घरात फेऱ्या मारू नको, लादी झिजेल. तिच्या सगळ्या गोष्टींत पोरगी शेवटपर्यंत गप्प राहते. हिरोने शप्पथ घातली की मोडत नाय, गर्दीत उभी राहून हात जोडते, आणि तो दुखऱ्या पायावर जिंकतो. प्रत्येक वेळी जिंकतो. कारण लिहिणारीला त्याला जिंकवायचं असतं. उद्याची मॅच कोण लिहिणार? कृणाल?

रविवारी संध्याकाळी मैदानावर लाइट लागले होते, नारळ फुटला होता, माईकवाला घसा ताणत होता. प्रीतम बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याने श्वेताला येताना बघितलं आणि मान हलवली. नको. एवढीच.

ती सरळ लवूकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, ह्याचा डावा गुडघा गेलाय. दोन महिने झाले. आणि समोरच्यांना माहीत आहे."

"तुका कोणी सांगल्यान गो?"

"कोणी नाय. मला दिसतं. आणि समोर पोचलं ते माझ्यामुळे."

बाजूची पोरं हसली. एक म्हणाला, "वहिनी कोच झाली रे!" लवूकाका हसले नाय. ते प्रीतमसमोर खाली बसले, दोन अंगठे गुडघ्याच्या दोन बाजूंना ठेवले आणि दाबले. प्रीतमने आवाज काढला नाय. पण त्याचा चेहरा लपला नाय.

"काढ शूज," लवूकाका म्हणाले.

"काका, कंपनीचे लोक..."

"गप ऱ्हव. काढ."

त्याच्या जागी दुसरा पोरगा उतरला. कबड्डीत बाद झालेली पोरं बाहेर ओळीत बसतात, आपल्यातल्या कुणी समोरचा गडी टिपला की एकेक जण जिवंत होऊन आत जातो. प्रीतम त्यांच्या पलीकडे बसला होता, बॅगेजवळ. तो बादपण नव्हता, त्यामुळे त्याला जिवंत करणारं पण कुणी नव्हतं. श्वेता दोरीला धरून उभी होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मंडळ हरलं. बऱ्यापैकी हरलं.

कंपनीचे लोक नंतर कृणालशी बोलले. हात मिळवला त्याच्याशी.

जाताना कृणाल दोरीपाशी थांबला. मोठा, काळा, घामाने निथळलेला. "रुद्रवाली तू ना? कल्पिता कालपासून माझ्याशी बोलत नाय."

"बरं करते."

"बसवलास ते चांगलं केलंस." तो घाम पुसत म्हणाला. "मी सोडला नसता त्याला. खेळ आहे."

श्वेताला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तिने मारली नाय, कारण तो खोटं बोलत नव्हता.

सोमवारी बायकांनी डबे उघडले. कल्पिता खाली बघून जेवत होती. श्वेताने तिच्या डब्यातला मासा स्वतःच उचलला, म्हणजे भांडण नाय हे तिला कळलं.

"रुद्रचं काय झालं?" सोनूबाईंनी विचारलं.

"बसवला. तिने जाऊन कोचला सांगितलं."

"हट! मग जिंकला कसा?"

"नाय जिंकला. हरले."

"आणि तो?"

"बोलत नाय तिच्याशी."

एक जण म्हणाली, असली कसली गोष्ट, बदल ती. सोनूबाईंनी हातातला स्टिकर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नको बदलू. मला पण कोणी सांगायला पाहिजे होतं."

प्रीतम दहा-बारा दिवस दिसला की वाट बदलायचा. एवढ्या अरुंद डोंगरावर वाट बदलायची म्हणजे पण कसरतच. श्वेताने पाठ धरली नाय. हे तिला किती जड गेलं ते तिलाच माहीत. तोंड बघू नको म्हणाला होता, आणि तिने ते माहीत असून केलं होतं.

मग एका सकाळी ती कामाला निघाली, नेहमीसारखी दणादणा उतरत. मधल्या वळणावर प्रीतम भिंतीला धरून उभा होता. आज पार्सलची बॅग नव्हती. पँटवरूनच ती नी-कॅप चढवलेली, उलटी.

"उलटी घातलीयस," ती म्हणाली.

"मग सांगायचं ना, कशी घालतात."

ती खाली बसली आणि सरळ करून दिली. तो वरून म्हणाला, "एक्सरे काढायचाय. लवूकाकांनी डॉक्टर दिलाय, खाली रोडला."

"मग जा."

"तुझ्या त्या गोष्टीत माझं नाव काय होतं?"

"रुद्र."

"शी! मी काय सिरियलमध्ये आहे?"

ती हसली नाय. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, नुसता ठेवला नाय, वजन टाकलं. एक पायरी उतरले, दुसरी उतरले. श्वेताचे पाय सवयीने पुढे पळाले.

"हळू चल ना," तो म्हणाला. "दुखतंय."

नळावरच्या बायकांनी कळश्या सांभाळायला हात पुढे केले होते, ते तसेच राहिले. श्वेता एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत होती. मुंग्या चावत होत्या तिला, पायापासून डोक्यापर्यंत. कामाला लेट होणार हे पक्कं. पण ती हळू चालली.