नववं खळं आणि सरिताबाई

बालाघाटात गोल्फ खेळतात असं सांगितलं की बाहेरगावचा पाहुणा आधी हसतो. मी त्याला हसू देतो, स्कूटरवर मागे बसवतो आणि खाणीपलीकडच्या आमच्या मैदानावर नेऊन उभा करतो. तिथे त्याचं हसू आपसूक आटोपतं.

नऊ भोकांचं मैदान आहे. मोहाची झाडं, लाल माती, एका अंगाला टेकडी आणि दुसऱ्या अंगाला जुन्या खाणीत साचलेलं तळं. इतर ठिकाणी भोकाभोवती मखमली गवत असतं म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसांना पाणी पुरत नाही, तिथे गवताला कुठून आणणार? म्हणून खाणीच्या जुन्या साहेबांनी भोकाभोवती गोल जमीन करून घेतली. चाळलेली वाळू, त्यात इंजिनाचं जळकं तेल, वरून रोलर आणि मग झाडू. काळीभोर, गुळगुळीत. साहेब लोक तिला काय म्हणायचे ते म्हणोत, ती करणारे मजूर धानवाले शेतकरी होते. धान मळायला जमीन जशी करतात तशीच त्यांनी ही केली आणि नावही तेच दिलं, खळं. आज क्लबाचे मेंबरसुद्धा पहिलं खळं, दुसरं खळं असंच म्हणतात.

मी खाणीत स्टोअरकीपर होतो. निवृत्त झाल्यावर क्लबात जाऊ लागलो. चेंडू लांब मारणं मला लवकर जमलं, कारण अंगात राग भरपूर आहे. पण खळ्यावर पोचल्यावर चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा असतो, त्याला पटिंग म्हणतात, आणि तिथे राग काही कामाचा नाही. पाच पावलांवरून मी चार चार टोले घ्यायचो. पाचवा टोला बहुधा माझ्या बुटाला बसायचा.

मला पटिंग शिकवलं सरिताबाईंनी. त्या आमच्या मैदानावर झाडू मारतात.

सरिता मेश्राम यांचं माहेर खैरलांजीकडचं. नवरा दुलीचंद मैदानाचा हेड माळी. अकरा वर्षांपूर्वी त्याची कंबर धरली, तेव्हापासून नऊच्या नऊ खळी सरिताबाईंच्या अंगावर पडली. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘स्वीपर’ लिहिलेलं असे. खळी चांगली झाली की लोक दुलीचंदला उस्ताद म्हणत, आणि दुलीचंद मिशीवरून हात फिरवून ते नाव ठेवून घेई. सरिताबाई झाडू उचलून पुढच्या खळ्याकडे निघत. मला मात्र याचा संताप यायचा, आणि तो मी क्लबात चहा पिताना दोन-तीनदा बोलूनही दाखवला. कोणी मनावर घेतलं नाही.

त्यांच्या विद्येची सुरुवात एका चुकीतून झाली. पहिल्याच वर्षी जानेवारीतल्या सामन्यांना नागपूर-जबलपूरचे पाहुणे येणार होते. मैदान नीट सजवून ठेवा, असा निरोप सरिताबाईंना मिळाला. आपल्याकडे झाडलेली, सारवलेली जमीन कोणी मोकळी ठेवतं का? सरिताबाई पहाटे आल्या आणि नवव्या खळ्यावर भोकाभोवती हातभर रुंदीची सुरेख रांगोळी काढून बसल्या. पहिल्या पाहुण्याचा चेंडू त्या रांगोळीतून घरंगळत गेला आणि पांढरा होऊन बाहेर पडला. तेव्हाच्या सेक्रेटरीने चारचौघांत त्यांना फार बोलून घेतलं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात चेंडू कसा गेला त्याची रांगोळीत उमटलेली वाट त्या निरखत होत्या.

ती वाट टेकडीच्या बाजूला वळलेली होती. नवव्या खळ्यावर टेकडी डावीकडे आहे. पाहणाऱ्याला वाटतं, उतार टेकडीकडून तळ्याकडे, म्हणजे उजवीकडे असणार. सगळे तोच हिशेब करून मारतात, आणि चेंडू खुशाल टेकडीकडे वळतो. टेकडीच्या पायथ्याचा जुना चर खाणीच्या मुरमाने बुजवला होता, तो वर्षानुवर्षं खचत गेला आणि खळं त्या बाजूला झुकलं. डोळ्याला हे दिसत नाही. अनवाणी पायाला कळतं.

त्या दिवसापासून काम संपलं की सरिताबाई चिमूटभर रांगोळी खळ्यावर पसरायच्या आणि कोणीतरी टाकून दिलेल्या, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या काठीने चेंडू सोडायच्या. प्रत्येक चेंडू आपली वाट स्वतः काढून दाखवायचा. मग पुन्हा झाडू, पुन्हा रांगोळी. असं त्यांनी अकरा वर्षं केलं. आमच्यातला कोणता मेंबर एवढा खपला आहे ते मला सांगा.

माझे हाल पाहून एकदा त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, चेंडू जोरात असतो तोवर तो कोणाचं ऐकत नाही, हळू झाला की मग वळतो. म्हणून सुरुवातीकडे पाहू नका, भोकाजवळची शेवटची दोन हात जमीन आधी वाचा. दुसरं असं की, लांबून भोकात घालायची हाव धरू नका. पहिला चेंडू भोकापाशी नेऊन निजवा, दुसरा आपोआप पडतो. महिनाभर त्यांनी मला भोक दिलंच नाही. एक रेघ ओढायच्या आणि चेंडू तिच्यावर थांबवायला लावायच्या. आणि मी मारता मारता मान वर केली की ओरडायच्या, “पाहू नका भाऊ. चेंडू पडला का नाही ते कानानं आयका.” साठीनंतर मला कोणी इतकं रागावलं नव्हतं. पण चाराचे माझे दोन झाले.

मागच्या वर्षी वीरेंद्र साहेब नवे सेक्रेटरी म्हणून आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं सरळ हवं. नववं खळं फसवं आहे अशा पाहुण्यांच्या तक्रारी त्यांनी वाचल्या आणि ठरवून टाकलं की सामने झाले की सोमवारी जेसीबी लावून ते उखडायचं, सपाट करायचं. दुलीचंद निवृत्त होतच होता. त्याच्या जागी जबलपूरहून जाणकार माणूस येणार होता. सरिताबाईंनी झाडू मारत राहावं. ही बातमी मीच त्यांना सांगितली. त्या खळ्याच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, “हे खळं गेलं तर मले काय येते हे कोणालेच कळनार नाही, भाऊ.”

रविवारी शेवटचा सामना होता. नागपूरचे एक नावाजलेले खेळाडू आठ खळ्यांपर्यंत पुढे होते. नवव्यावर त्यांचा चेंडू अगदी कडेला, चौदा पावलांवर थांबला. त्यांनी बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं, तळ्याकडचा उतार धरला, जोरात मारलं आणि चेंडू भोकापुढे पाच पावलं निघून गेला. परत मारताना ते पुन्हा चुकले. चार टोले लागले आणि कप गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. पण ते सर्वांदेखत म्हणाले की या जमिनीवर गोल्फ होऊच शकत नाही. वीरेंद्र साहेबांनी माफी मागितली आणि उद्याच्या जेसीबीची गोष्ट सांगून त्यांची समजूत घातली.

नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याआधीच सरिताबाई पुढे आल्या. हातात झाडू होता.

“साहेब, खळं वाकडं नाही. तुमची नजर चुकून राह्यली. इथून दोनात होते.”

कोणीतरी हसलं. नागपूरकरही चिडलेलेच होते. त्यांनी आपला चेंडू त्याच चौदा पावलांवर नेऊन ठेवला आणि स्वतःची काठी पुढे केली. वीरेंद्र साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, दोनात झालं तर खळं राहील. नाही झालं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

सरिताबाईंनी पाहुण्यांची काठी घेतली नाही, स्वतःचीच आणली. फळीला बांधलेलं पोतं ओढून आधी खळ्यावरचे पायाचे ठसे मोडले. चपला काढल्या. भोकाजवळ जाऊन सावकाश एक फेरा घातला, नजर समोर आणि लक्ष तळपायात.  स्वतःच्या मुलीच्या निकालालाही मी इतके देव आठवले नव्हते.

त्यांनी चेंडू तळ्याच्या बाजूला सोडला, भोकापासून चांगला तीन हात उजवीकडे. लोकांत कुजबुज झाली. चेंडू सरळ चालला, हळू झाला, मग टेकडीकडे झुकू लागला आणि भोकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

“गेला नाही,” नागपूरकर म्हणाले.

“एकात कोन म्हटलं होतं?” सरिताबाई म्हणाल्या आणि मान वर न करता त्यांनी दुसरा टोला दिला. चेंडू भोकात पडल्याचा टपकन आवाज सगळ्यांनी ऐकला.

 नागपूरकरांनी खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि खळ्यावर जाऊन पायाने जमीन चाचपू लागले. मोठ्या मनाचा माणूस, माझं त्यांच्याविषयीचं मत मी तिथेच बदललं. वीरेंद्र साहेबांनी सर्वांसमोर जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग ते हसत दुलीचंदकडे वळले, त्याचा हात हातात घेतला आणि हिंदीत म्हणाले की उस्ताद, बायकोला चांगलं शिकवलंत, तुमची विद्या वाया गेली नाही.

दुलीचंद कंबरेवर हात ठेवून उभा होता. साहेबांशी जन्मभर हिंदीत बोललेला हा माणूस त्या दिवशी मराठीत बोलला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

“मले काहून म्हनता साहेब? या खळ्यावर मी आजपर्यंत एकदाही दोनात नाही टाकला. अकरा वर्षं लोक मले उस्ताद म्हनत गेले न मी आयकत गेलो. उस्ताद हे हाय. मी हिच्यापासून शिकलो नाही, एवढंच चुकलं माझं.”

 सरिताबाईंनी आपली काठी दुलीचंदकडे दिली, पदराने तोंड पुसलं आणि लोकांच्या पायांचे ठसे मोडायला पोतं उचललं. माझे डोळे भरून आले होते, आणि सांगायला लाज कसली. वीरेंद्र साहेब पुढे झाले आणि फळीची दुसरी बाजू त्यांनी स्वतः धरली. सरिताबाईंनी त्यांना आधी बूट काढायला लावले.