सासूबाईंचं कॅम्पिंग

माझ्या नवऱ्याला फुकटाचं भारी वेड. इतकी वर्षं झाली आयर्लंडात, पगार चांगला आहे, डब्लिनला ब्युमॉन्टमध्ये स्वतःचं घर आहे, तरी कुठे 'फ्री' लिहिलेलं दिसलं की याच्या डोळ्यांत चमक येते. गेल्या उन्हाळ्यात त्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलं, की विकलोच्या डोंगरात सरकारी हद्दीत तंबू ठोकला तर कुणी एक सेंट मागत नाही. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. रस्त्यापासून लांब जायचं, शेकोटी पेटवायची नाही, आपला कचरा आपणच परत आणायचा, आणि उरलेलं खड्डा खणून पुरायचं. "उरलेलं म्हणजे काय ते कळलं ना?" असं म्हणून तो स्वतःच खिदळला. मला काही हसू आलं नाही, कारण सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या आणि हा त्यांनाही बरोबर न्यायचं म्हणत होता.

माझं आणि सासूबाईंचं अगदी गूळपीठ आहे असं कुणी समजू नये. माझ्या पोळ्यांना त्या 'पापड' म्हणतात आणि मी कामावरून दमून आले की नेमकं तेव्हाच त्यांना आठवतं की त्यांच्या काळात बायका दमत नसत. पण एका बाबतीत मी त्यांच्यापुढे हात जोडते. बार्शीकडच्या एका खेड्यात त्या लग्न करून आल्या. घरी संडास नव्हता, गावातच कुणाकडे नव्हता. पहाटे उजाडायच्या आत बायकांनी टमरेल घेऊन ओढ्याकडे जायचं, नाहीतर मग दिवसभर पोट दाबून थांबायचं आणि रात्रीची वाट बघायची. गरोदरपणात, तापात, पावसात, सगळं असंच. सासऱ्यांच्या मागे लागून लागून त्यांनी पुण्याला बिऱ्हाड हलवलं, ते काही शहराच्या हौसेने नाही. हडपसरला स्वतःचा ब्लॉक झाला त्या दिवशी म्हणे त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आता मेले तरी उघड्यावर जायची न्हाई." आणि ते पाळलं. गावाकडच्या घरात संडास बांधून होईपर्यंत त्या तिथे एक रात्र राहिल्या नाहीत. सख्ख्या दिराच्या लग्नातसुद्धा संध्याकाळच्या एसटीने परत आल्या.

हे सगळं माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे. मला त्यानेच सांगितलंय, लग्न ठरलं तेव्हा, मोठ्या अभिमानाने. म्हणून तर माझं डोकं फिरलं.

"अरे, त्यांना नको नेऊस," मी म्हटलं. "त्यांना तिथे संडासाचं जमणार नाही."

"तेच तर! आईला जरा कम्फर्ट झोनमधून बाहेर काढायचंय. घरात बसून बसून कंटाळलीय ती."

ऑफिसात कसलंसं ट्रेनिंग झालं होतं, तिथून हा शब्द उचलून आणलेला. त्या बाईने उभी हयात घातली त्या झोनमध्ये शिरायला, आणि हा त्यांना बाहेर काढणार. मी तसं तोंडावर बोलले. "तू आमच्या मायलेकरांत पडू नकोस," म्हणाला, आणि वर हेही, की मलाच तंबूत झोपायचा कंटाळा आहे आणि मी सासूच्या आड लपतेय.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "तितं संडास हाय का रं?"

"अगं आई, अख्खं जंगल आहे!"

"मंग तुमी जाऊन या. मी ऱ्हाते घरी."

तेव्हा आमच्याकडे एक नागपूरकर जोडपं जेवायला आलेलं होतं, त्यातला नवरा याच्यासारखाच, याच्याच ऑफिसातला इंजिनिअर; त्यांच्याबरोबरच जायचं ठरलं होतं. त्यांच्यासमोर हा तोंड पाडून बसला. "ठीक आहे. तू नाही तर मीही नाही. कॅन्सल करतो सगळं. एवढ्या लांबून आलीस आणि मुलाबरोबर एक दिवस बाहेर यायला नको तुला." त्या माऊलीने दोन पाहुण्यांकडे बघितलं, पोराकडे बघितलं. "बरं बाबा, येते," म्हणाल्या. हा लगेच खूश. नागपूरकर म्हणाला, "वा, काकू तर एकदम स्पोर्टिंग आहेत!"

निघायच्या आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी चहा सोडला. पाण्याचा घोट घेतला तोही ओठ ओले करण्यापुरता. रात्री पोट बरं नाही म्हणाल्या आणि जेवल्या नाहीत. पोट ठणठणीत होतं. मी ताट वाढून त्यांच्या खोलीत नेलं तर म्हणाल्या, "आत काय गेलं तर भाईर यील ना?" हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं, की मला रडूच आलं. मी खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. तो तंबूच्या काठ्या मोजत होता. "ड्रामा," म्हणाला.

शनिवारी दुपारी पोचलो. गाडी खाली लावून चढण चढायची होती. एका बाजूला उघडा डोंगर, मेंढ्या आणि पाय रुतेल असली दलदल, दुसऱ्या बाजूला लावलेल्या स्प्रूसच्या झाडांची ओळीने उभी राने. सासूबाई पातळावर पोराचं मोठं रेनजॅकेट आणि पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज घालून, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत वर आल्या. तंबू उभे राहिल्यावर नवऱ्याने पिशवीतून घडीचं नारिंगी प्लॅस्टिकचं फावडं काढलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिलं.

"ह्ये कशाला? झाड लावायचंय?"

"नाही गं, खड्ड्याला!" आणि नागपूरकरांकडे वळून, "आपल्याला शिकावं लागतं रे हे सगळं. आमच्या आईला काय, ट्रेनिंग झालेलं आहे. बालपणापासून एक्सपर्ट!"

ते दोघं हसले. नागपूरकराच्या बायकोने निदान मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. तो मात्र हसतच राहिला. सासूबाईंनी फावडं घडी करून तंबूच्या कडेला ठेवलं आणि त्यावर स्वतःची शाल टाकली. मला त्या क्षणी वाटलं, याच फावड्याने नवऱ्याचं थोबाड फोडावं. खरंच वाटलं. लिहितानासुद्धा वाटतंय.

संध्याकाळी गॅसवर पिठलं झालं, मी आणलेली थालीपीठं निघाली. हा सारखा आईच्या मागे, "खा ना, चहा घे ना, हवा बघ काय मस्त आहे." त्यांनी थालीपिठाचा तुकडा मोडून हातात धरला आणि नुसता धरूनच बसल्या. चेहरा घट्ट झाला होता. मी जवळ सरकून बसले. हळूच म्हटलं, "आई, त्या झाडांमागे कुणी नाही. मी येते बरोबर, पाठ करून उभी राहते."

"अंधार पडू दे," त्या म्हणाल्या.

जुलै महिना. आयर्लंडातला जुलै. आठ वाजले, नऊ वाजले, लख्ख उजेड. दहा वाजले तरी समोरच्या डोंगरावरची मेंढी न् मेंढी मोजता येत होती. त्या मला विचारत, "कवा पडतो गं हितं अंधार?" आणि मी काय सांगणार? नवऱ्याला मात्र त्यातही कौतुक. "आई, बघ, काय देश आहे! रात्रच होत नाही!"

अखेर झाकोळलं तेव्हा हे दोघं पुरुष कपाळाला दिवे बांधून तंबूंच्या समोरच गप्पा छाटत बसले. मान वळेल तिकडे उजेडाचा झोत. सासूबाई तंबूत माझ्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, बसूनच. मी बाहेर जाऊन "आता झोपा की रे" म्हटलं, तर "ये की तूही, क्रॅक चाललंय मस्त." इथल्या लोकांचा हा मौजमजेचा शब्द त्याच्या तोंडी हल्ली फार. ते आडवे झाले तोवर पूर्वेकडे पुन्हा फटफटायला लागलं होतं.

सकाळी मी पाणी उकळायला ठेवलं, तेव्हा त्या उठल्या. एक पाण्याची बाटली जॅकेटात घातली आणि म्हणाल्या, "जरा पाय मोकळे करून येते." मनात म्हटलं, सुटली बिचारी. त्या झाडांच्या ओळींत शिरल्या, आणि शिरतच गेल्या. आपण कुणालाही दिसणार नाही, आपला आवाजही कुणाला येणार नाही, इतकं लांब जायचं ठरवलं होतं त्यांनी.

तेवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं. नवरा चहाचा मग घेऊन उठला आणि त्याला आईची आठवण झाली.

"आई कुठंय?"

"गेल्यात. येतील."

"किती वेळ झाला?"

"अरे, येतील म्हटलं ना. राहू दे त्यांना."

"वेडी आहेस का? धुकं बघ! ती दलदल बघितलीस ना काल?"

घाबरला होता, हे कबूल. पण घाबरला की हा दुसऱ्याचं ऐकत नाही, नुसता गोंधळ घालतो. मी एकटी जाऊन बघते म्हटलं, तर बॅगेच्या पट्ट्याची शिट्टी काढून जोरजोरात वाजवायलाच लागला. नागपूरकर दुसऱ्या बाजूने "काकूऽऽ! ओ काकूऽऽ!" असा गळा काढून धावला. खालच्या वाटेवरून एक आयरिश म्हातारा कुत्रं घेऊन चालला होता, तोही बिचारा मदतीला आला. सगळे ओळीने झाडांत शिरले. मी नवऱ्याची बाही धरली. "थांब, मला पुढे जाऊ दे." त्याने हात झटकला. आणि कुत्रं भुंकलं.

एका पडक्या दगडी भिंतीपलीकडे त्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा उभ्या होत्या. ताठ उभ्या, मान खाली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, तोंड झाडाच्या खोडाकडे. अर्ध्यावर उठल्या होत्या. पातळाला मागून डाग पडला होता आणि पायांवर ओघळ आला होता, माझ्या जुन्या बुटांपर्यंत.

म्हातारा क्षणात मागे फिरला. कुत्र्याचा पट्टा धरला आणि निघून गेला. आमचे दोन इंजिनिअर मात्र जागचे हलले नाहीत. आणि माझा नवरा हसला. सुटकेचं हसू असेल, असेलही. पण हसला, आणि वर बोलला.

"अगं आई! आम्ही अख्खं जंगल पालथं घातलं आणि तू इथे कार्यक्रम उरकतेयस होय! आणि उभी काय राहिलीस अशी, राष्ट्रगीत चालू आहे का?"

नागपूरकरही फस्सकन हसला.

"चालते व्हा!" मी ओरडले. "चालते व्हा दोघं इथनं, नाहीतर आज मी काय करीन सांगता येत नाही!" माझा असा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. ते गेले. जाताना नवरा म्हणाला, "एवढं काय झालं? आईच आहे माझी."

मी त्यांचे पाय धुतले. बाटलीतलं पाणी संपलं तेव्हा माझ्या गळ्यातला स्कार्फ ओल्या गवतावर फिरवून त्याने पुसलं. त्यांनी मला थांबवलं नाही, हात लावू नको म्हणाल्या नाहीत, झाडाला धरून नुसत्या उभ्या होत्या. मग आपण होऊन बोलल्या, मला समजावल्यासारखं.

"गडी मानूस आला की उठायचं आसतं. गावाकडं आसंच. वाटंनं सायकल आली की बायांनी उठून उभं ऱ्हायचं, त्यो जाईस्तोवर. मंग पुन्ना बसायचं. कितीबी घाईची आसली तरी उठायचं."

"आई, तो तुमचा मुलगा होता."

"गडीच की," त्या म्हणाल्या. "ते लोक तरी निघून जायचे गं. ह्यो जाईनाच."

परतीच्या वाटेवर गाडीत नवऱ्याने दोनदा आरशात बघून "सॉरी गं आई, पण आम्ही टरकलो होतो" असं म्हटलं. सॉरीच्या पुढे 'पण' लावल्याशिवाय त्याला जमत नाही. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा "आई, इथे टॉयलेट आहे, जाऊन ये" म्हणाला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. घरी आल्यावर त्या बाथरूममध्ये गेल्या आणि शॉवरचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. पातळ त्यांनी मला धुऊ दिलं नाही, पिशवीत घालून बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

आणि या महाशयांनी काय करावं? आदल्या दिवशी काढलेला फोटो, तंबूपुढे बसलेल्या सासूबाई, हातात थालीपिठाचा तुकडा, भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'आईचं पहिलं कॅम्पिंग!' गावाकडून अंगठे, फुलं, हात जोडलेले. थोड्याच वेळात सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तीही त्याच तालुक्यात दिलेली, तीही तसल्याच ओढ्याकाठी आयुष्य काढलेली. सासूबाई फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलतात. मी ओट्यापाशी होते, नवरा टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेला.

"आक्का, लई भारी दिसतीस गं फोटूत! रानात ऱ्हायलीस म्हनं रातभर?"

"ऱ्हायले की. लेकानं न्हेलं हौसंनं."

"आन् संडासाला गं? संडासाला कुटं गेलीस?"

मी गॅस बारीक केला. नवऱ्यानेही मान वर केली.

"हाय की तितं संडास," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातल्यापेक्षा झ्याक हाय. टाइल्स लावल्यात खालपासून वरपर्यंत. गरम पानी येतंय नळाला."

"रानात?" पलीकडची बाई चकित.

"मंग! परदेस हाय ह्यो. माझा लेक काय मला उघड्यावर न्हील का?"

नवरा मोठ्याने हसला. "आई, किती फेकशील गं!"

"काय म्हनतोय त्यो?" बहिणीने विचारलं.

"काय न्हाई. पुन्ना न्हेतो म्हनतोय." त्यांनी फोन तोंडाशी आणखी जवळ धरला, आमच्याकडे पाठ केली आणि आवाज चढवून बोलत राहिल्या. "आन् दार हाय त्याला. लाकडाचं, जाडजूड. आतून कडी हाय. मी लावली व्हती कडी. दोनदा वढून बघितली."